अप्पांचं न वाचलेलं टपाल

बीडच्या त्या शिक्षणसंस्थेत १९९९ साली ईमेल आला, तेव्हा मुख्य लिपिक संगमेश्वर अप्पांनी आधी संगणकाला हार घातला आणि मग फोनच्या लाईनीला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या करदोट्याला. एकविसावं शतक उंबऱ्याशी येऊन उभं होतं, पण अप्पांच्या परवानगीशिवाय त्याची आत येण्याची काय बिशाद!

संगणक चालवायला पौर्णिमा होती. उमापूरची, गावातली पहिली संगणक पदवीधर. नेमणूक तात्पुरती, आणि तीन वर्षं झाली तरी तात्पुरतीच.

टपालाच्या बाबतीत अप्पांची एक जुनी रीत होती. पत्र आलं की ते नीट वाचायचं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचं. आवक क्रमांक टाकायचा नाही, कारण क्रमांक पडला की पंधरा दिवसांत उत्तर देण्याचा संस्थेचा नियम. लग्नपत्रिका आणि दिवाळीच्या शुभेच्छांना मात्र तत्काळ क्रमांक मिळे. आवक रजिस्टर चाळणाऱ्याला वाटावं, ही संस्था पोरं शिकवत नाही, नुसती लग्नं जमवते.

"ह्या मशीननंबी असंच वागाय पायजे," अप्पा म्हणाले. "मला समदं वाचता यावं, पर वाचल्याची खूण पडू न्हाई."

हे काही जमायचं नाही, असं पौर्णिमाला वाटलं होतं. पण जावा या संगणकाच्या भाषेत टपालाची एक लायब्ररी होती, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. तिच्यात टपालाचं फोल्डर दोन तऱ्हांनी उघडता येई. एक, नुसतं वाचण्यापुरतं. पत्र वाचलं तरी 'न वाचलेले'च राहायचं. दुसरी, बदल करण्यासाठी. मग वाचलेल्या पत्रावर खूण पडायची. ती एकटीच हसली. सातासमुद्रापार बसलेल्या कुण्या इंजिनिअरनं बीड न पाहताच अप्पांचा ड्रॉवर बनवून ठेवला होता!

आठ दिवसांत काम झालं. नियम म्हणून तिनं आणखी एक सोय केली: खूण पडलेल्या पत्राला आपोआप आवक क्रमांक मिळेल, तो कागदावर छापला जाईल आणि पाठवणाऱ्याला पोच जाईल. "ऱ्हाऊ दे शोभेला," अप्पा म्हणाले. पासवर्ड त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला, वर 'गोपनीय' असं लिहून. पौर्णिमानं त्या चिठ्ठीकडे कधी नजरही टाकली नाही. अशी ती शहाणी मुलगी.

त्याच सुमारास तिनं पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. पत्ता ऑफिसचाच दिला, कारण वेगळा ईमेल काढला तरी तो उघडायला हीच कुलुपातली लाईन लागणार. बोलावणं येणार, अशी तिची खात्री होती; वडील शहादेवांनी तर अर्ध्या उमापूरला सांगूनही टाकलं होतं.

"अप्पा, माझं काही आलं का?" ती रोज सकाळी विचारी.

"आलं की सांगतो की, पोरी."

दीड महिन्यानं आलं ते पोस्टकार्ड, त्याच कंपनीत मुलाखत देऊन आलेल्या वर्गमैत्रीण कावेरीचं. 'मुलाखतीला कावून आली न्हाईस? यादीत तुजंच नाव पहिलं होतं.'

पौर्णिमानं कार्ड अप्पांपुढे ठेवलं. अप्पांनी शांतपणे कुलूप काढलं, लाईन जोडली, फोल्डर उघडलं. पुण्याचं पत्र तिथंच होतं, महिन्यापूर्वीचं. शेजारी ठळक अक्षरांत: न वाचलेले.

"बघ. तुजंच मशीन सांगतंय."

"तुम्ही वाचलं होतं का, अप्पा?"

"वाचलं की. खोटं कावून बोलू? पर नोंद न्हाई." मग मायेनं म्हणाले, "तू गेल्यावर हे मशीन कोन चालवनार? लेकीवानी हायेस तू."

एवढं बोलून ते चहाला गेले. पौर्णिमाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. अप्पांचा राग होताच, पण त्याहून स्वतःचा जास्त आला. तो ड्रॉवर तिनं स्वतःच्या हातांनी बनवला होता, तोही आठ दिवसांत आणि हसत हसत.

तिनं ऑफिसच्याच पत्त्यावर एक छोटा ईमेल पाठवला. प्रोग्रॅममधला एक शब्द बदलला, म्हणजे फोल्डर आता दुसऱ्या तऱ्हेनं उघडणार होतं. मग काचेखालची चिठ्ठी पहिल्यांदाच वाचली आणि प्रोग्रॅम चालू केला.

प्रिंटर चरचरू लागला. विद्यापीठाची स्मरणपत्रं, पालकांच्या तक्रारी, शिक्षकांचे अर्ज, सगळ्यांना ओळीनं क्रमांक पडत गेले आणि प्रत्येकाला पोच गेली: आपले पत्र मिळाले, पंधरा दिवसांत उत्तर देऊ. पुण्याच्या कंपनीलाही गेली. तेव्हा मात्र तिला रडता रडता हसू फुटलं.

अप्पा परतले तेव्हा कागद जमिनीवर लोळत होते. दोनशे चौदा पत्रं झाली होती.

"आगं, काय केलंस हे! बंद कर!"

"झालंच, अप्पा. शेवटचं एक राहिलंय."

तिनं शेवटचा कागद फाडून त्यांच्या हातात दिला. तो तिचा राजीनामा होता. अप्पांनी तो नीट, शेवटपर्यंत वाचला आणि सवयीनं ड्रॉवर ओढला.

"तिथं नका ठेवू, अप्पा," पिशवी खांद्याला लावत पौर्णिमा म्हणाली. "वर बघा. आवक क्रमांक दोनशे पंधरा."