एकच चाचणी, हजार वेळा

"नेऊन दे आणि मोकळी हो," मी नणंदेला पुन्हा एकदा सांगितलं. सरांच्या सहीनिशी बांधून आणलेला प्रबंध तिच्या मांडीवर होता आणि आम्ही त्यांच्याच खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. परवा सर निवृत्त होणार. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर नवा मार्गदर्शक शोधा, नव्याने नोंदणी करा, म्हणजे सात वर्षांवर पाणी. कॉलेजातली कायमची नोकरीही या पदवीपायीच अडली होती.

तिचा विषय मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, पण कळला असेल तर शपथ. आकड्यांच्या चौकटींचे प्रचंड समूह असतात म्हणे. एकेक चौकट तपासायला गेलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून हिचा प्रोग्रॅम वाटेल तिथून थोड्या चौकटी उचलतो आणि त्यावरून अख्खा समूह ओळखतो. पोत्यातले चार दाणे बघून धान्य ओळखावं, तसं. हजार चाचण्या घेतल्या, एकदाही चुकला नाही. त्याच तक्त्यांवर प्रबंधाचं मुख्य प्रकरण उभं होतं.

आणि काल ही बया मला सांगते, की सुरुवातीला चुका शोधायला सोपं जावं म्हणून तिने ती निवड एका आकड्याला बांधून ठेवली होती, आणि ती ओळ काढायचीच राहिली. म्हणजे दरवेळी प्रोग्रॅम त्याच कोपऱ्यातले तेच दाणे उचलत होता. ओळ काढली, तर दहातून तीनदा अडकतो. मी कपाळाला हात लावला. तिच्या दादाने तर सकाळी अक्षरशः हात जोडले, परीक्षक काय प्रोग्रॅम चालवून बघणार आहेत का, म्हणून. ही चहा गार करून प्यायली.

सरांच्या खोलीतली कपाटं रिकामी झाली होती, पुस्तकं खोक्यांत भरलेली. तिने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं आणि आमच्याच मनातलं बोलले. तक्ते कोणी चालवून बघत नाही, आता देऊन टाक, चूक पुढच्या लेखात सुधारू. मला हायसं वाटलं.

"पण मी चालवून बघितलंय ना, सर," ती म्हणाली.

सरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "मग माझी सही मला परत दे."

तिने सहीचं पान शिवणीपासून हळूहळू फाडलं. बांधणी पक्की होती, वेळ लागला. मला ते बघवेना. आता बोलतेच म्हणून मी संतापून सरांकडे वळले. पण त्यांनी ते पान ड्रॉवरमध्ये टाकलं, खुर्चीवरचं खोकं खाली ठेवलं आणि तिला म्हणाले, "बस. कुठे अडकतो, दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. दोनदा नीट चालला, तिसऱ्यांदा अडकला, तसे दोघंही पुढे झुकले. माझी आठवण कोणालाच नव्हती. मी प्रबंध घेऊन एका खोक्यावर बसून राहिले.

शिपाई किल्ली मागायला आला. सरांनी मान वर केली नाही.

"परवापर्यंत ही खोली माझी आहे," ते म्हणाले, आणि तिला पुन्हा चालवायला सांगितलं.