लांजीच्या गाडीचा लाल खाना

२००३ साली आमचे मालक गुणाकरजी नागपूरहून कसलासा कोर्स करून आले आणि आमच्या बस कंपनीच्या डोक्याला ताप झाला. जीपमध्ये जाणारी सवारी, म्हणजे प्रवासी, परत आपल्या गाडीत आणायची, हे त्यांचं धोरण. ते साधतंय का, हे भिंतीवरच्या तक्त्यात दर महिन्याला दिसणार. प्रत्येक ड्रायव्हरचे चार खाने, म्हणजे रकाने: वेळ, डिझेल, तक्रारी, सवारी. चांगलं ते हिरवं, वाईट ते लाल. कोणताही खाना सलग तीन महिने लाल राहिला, की नोकरी गेली. रंग भरायचं काम माझ्या गळ्यात, कारण बालाघाटच्या तिकीट खिडकीवर मीच बसायची.

लांजीची गाडी चालवायचा प्रीतमदादा, माझा सख्खा भाऊ. त्याचा वेळेचा खाना सलग दोन महिने लाल झाला होता. बालाघाटात खोली करून शिकणाऱ्या पोरांचे डबे वाटेवरच्या आया त्याच्याकडे द्यायच्या, ओळखीला चिंधी बांधून. एखादीची भाजी शिजायची असली, तर हा बाबा गाडी थांबवायचा.

तिसऱ्या महिन्याला मी हिरवी पेन्सिल उचलली. "दादा, करून टाकू? कोणाले समजते?"

"नको. उशीर होते तं होते. खोटं काहून लिहायचं?"

असा संताप आला मला! घरी वहिनी, दोन लेकरं, आणि याला खरेपणाची हौस. मी लाल रंग भरला.

मीटिंगमध्ये मालकांनी त्या खान्यावर काठी ठेवली. मग काठी सवारीच्या खान्यावर सरकली. तिथे दादा एकटाच हिरवा होता.

"गाडी लेट, अन् सवारी सगळ्यात जास्त? हे कसं, प्रीतम?"

दादाच्या आधी मीच डब्यांचं सगळं सांगितलं. "ज्या घरचा डबा आपल्या गाडीत येते, मालक, ते घर जीपमध्ये बसत नाही."

मालकांनी काठी परत वेळेच्या खान्यावर नेली. "वेळ पाळाची कायच्यासाठी? सवारीसाठीच नं? मंग लांजीच्या गाडीले वीस मिनिटं वाढवून द्या. अन् बाकीच्यांनीबी डबे घ्या."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते पदराने पुसलं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तू हिरवं केलं असतं, तं त्यायनं इचारलंच नसतं."

पुढच्या महिन्यात मात्र वाढीव वीस मिनिटांत गाडी वेळेवर आली, तेव्हा तो खाना मी हिरवा केला, त्याला न विचारता.