दोन मिलिमीटरचा गोल

रेघाताईंचं खरं नाव दुसरंच होतं, पण नगरपालिकेच्या नकाशा खात्यात बत्तीस वर्षं रेघा मारल्यावर ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. खाली जुना नकाशा, वर पारदर्शक कागद, हातात शाईचं पेन, आणि रस्ते, नाले, भिंती, विहिरी गिरवत जायचं, हे त्यांचं काम. शहर वाढलं की नवा नकाशा, आणि नवा नकाशा म्हटलं की रेघाताई. शहरातली एकूण एक गल्ली त्यांच्या हाताखालून पाच-सहा वेळा तरी गेली होती. पायाखालून मात्र फारशा गेल्या नव्हत्या. घर ते कचेरी, कचेरी ते घर, वाटेत भाजी. संपलं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तेव्हा धाकटी बहीण आठ दिवस राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी वैतागली.

"ताई, एवढं मोठं शहर तुझं आणि तू मला नुसती गॅलरी दाखवतेस?"

"अगं, गॅलरीतून सगळं दिसतं."

"समोरच्यांचे कपडे दिसतात. आज त्यांनी निळी चादर वाळत घातलीय. काल हिरवी होती."

बहिणीने मग स्वतःच जाऊन दोन तिकिटं आणली. 'एका दिवसात संपूर्ण शहर', वातानुकूलित बस, जेवणासकट, सोबत माहितगार गाइड. रेघाताई 'ह्यॅ, आपल्याच गावात कसली सहल' असं म्हणाल्या खऱ्या, पण रात्री चष्मा लावून त्या पत्रकावरच्या ठिकाणांवरून बोट फिरवत बसल्या. घड्याळाचा मनोरा म्हणजे नकाशाचं पान चार. जुना पूल, पान नऊ. संग्रहालय, पान अकरा. दुपारचं जेवण, जुन्या डेपोसमोर. तिथे त्यांचं बोट थांबलं. पान सतरा.

पान सतरावर, डेपोच्या मागच्या बाजूला, एक गोल होता. बरोब्बर दोन मिलिमीटरचा. आत काही नाही, शेजारी नाव नाही, खालच्या खुणांच्या यादीत पत्ता नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी साहेबांना विचारलं होतं, "हे काय आहे?" साहेब म्हणाले, "जुन्यात आहे ना? मग नव्यात काढा." शेजारच्या टेबलवरचे आरेखक म्हणायचे विहीर असेल, पण विहिरीची खूण वेगळी. कुणी म्हणालं पाण्याची टाकी, पण टाकीत तिरप्या रेघा असतात. पाच वेळा नकाशा नवा झाला आणि पाचही वेळा रेघाताईंनी कंपास टेकवून तो गोल इमानेइतबारे काढला. एकदा जाऊन बघून येऊ, असं दरवेळी ठरवायच्या. सासूबाईंचं आजारपण, मुलीची परीक्षा, ऑफिसातली घाई, काही ना काही निघायचं. आणि खरं सांगायचं तर मनात एक धाकधूकही होती. जाऊन पाहावं आणि तिथे नुसता खड्डा असावा, म्हणजे काय राहिलं?

सकाळी पावणेआठला बस सुटली. गाइड पोरगेलीशी होती, डोक्यावर पिवळी टोपी, हातात माइक, आणि तोंडाचा पट्टा असा की श्वास कधी घेते कळू नये. "मंडळी, या शहराचा कानाकोपरा मला पाठ आहे. काहीही विचारा, अगदी बिनधास्त!"

रेघाताईंनी खिडकी धरली होती. पुढच्या तीन तासांत त्यांची गंमतच झाली. नकाशातली जी साधी जाड रेघ त्या वर्षानुवर्षं ओढत आल्या होत्या, ती प्रत्यक्षात तीन माणसं उंचीची काळी भिंत निघाली. तिच्या फटींतून पिंपळ उगवले होते आणि पायथ्याशी एक न्हावी आरसा टांगून बसला होता. ज्या तळ्यात त्यांनी निळ्या रेषा भरल्या, ते हिरवंगार होतं आणि त्याला चक्क वास होता. जुन्या पुलावर गाइड कमानींचं कौतुक सांगत होती आणि रेघाताई उलट्या दिशेला पाहत होत्या.

"ताई, पूल इकडे आहे," बहीण म्हणाली.

"अगं, ती पायऱ्यांची गल्ली बघ. मी ती सरळ रस्ता म्हणून दाखवलीय. बत्तीस वर्षं! कुणी गाडी घातली असती म्हणजे?"

"तुझा नकाशा बघून कोण गाडी घालतंय?"

मनोऱ्याखाली रेघाताई कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या. संग्रहालयात त्यांनी फरशी पाहिली, कारण नकाशात इमारतीच्या आत काय असतं ते कधीच दाखवत नाहीत. बसमध्ये एक टोपीवाले गृहस्थ होते. ते प्रत्येक ठिकाण पाहिलं की पत्रकावर बरोबरची खूण करायचे आणि घड्याळ बघायचे. त्यांना रेघाताईंच्या सततच्या प्रश्नांचा वैताग येऊ लागला होता, हे त्यांच्या मानेवरूनही कळत होतं.

जेवणाच्या ठिकाणी बस वळली तशी रेघाताईंनी हात वर केला.

"डेपोच्या मागे एक गोल आहे. तो कशाचा?"

गाइडने पिवळी टोपी सारखी केली. मग हसली. "कारंजं आहे काकू! फार जुनं. राजघराण्यातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला बांधलेलं."

"कारंज्याला दोन गोल असतात," रेघाताई म्हणाल्या. "एकात एक. याला एकच आहे."

गाइडने माइक या हातातून त्या हातात घेतला आणि जेवणाला पंचेचाळीस मिनिटं आहेत, असं जाहीर केलं.

सगळे जेवायला बसले. रेघाताईंची नजर डेपोच्या भिंतीवरून हटेना. एवढ्यात गाइड ताट घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. माइक नव्हता तेव्हा तिचा आवाज अगदी लहान होता.

"काकू, मला माहीत नाही तिथे काय आहे. मी ठोकून दिलं."

"वाढदिवसासकट?"

"वाढदिवसासकट." ती ओशाळून हसली. "आठ महिने झाले मला. 'माहीत नाही' म्हटलं की लोक पुढचं काहीच खरं मानत नाहीत, असं आमच्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलंय."

"मलाही माहीत नाही," रेघाताई म्हणाल्या. "पण मी तो पाच वेळा काढलाय."

गाइडने त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "पस्तीस मिनिटं आहेत."

"धाकटे, माझी पिशवी सांभाळ," म्हणत रेघाताई उठल्यासुद्धा. बहिणीचे गुडघे तिला साथ देत नव्हते. ती म्हणाली, "जा बाई. आणि खड्डा निघाला तर तोंड पाडून येऊ नकोस."

रस्ता रेघाताईंनी दाखवायचा, असं न बोलता ठरलं. "डेपोच्या भिंतीने सरळ. मग डावीकडे तिरपी गल्ली. मग आठ मिलिमीटर पुढे."

"आठ मिलिमीटर म्हणजे?"

"चाळीस मीटर गं. एका मिलिमीटरला पाच."

तिरपी गल्ली होती, पण चाळीस मीटरच्या अलीकडेच वाट बंद. समोर शिंप्याचं दुकान. रेघाताईंनी कपाळाला हात लावला. इथे नकाशात मोकळी वाट होती, त्यांनी स्वतः सोडलेली. मशीनवर वाकलेल्या शिंप्याने मान वर केली.

"मागे जायचंय?"

"वाट होती इथे."

"अजून आहे की. आमच्या दुकानातून." त्याने कापडाचा गठ्ठा पायाने बाजूला सारला. मागे खरंच दुसरं दार होतं. "फक्त त्या निळ्या सुटावर पाय देऊ नका. गिऱ्हाईक चारला येणार आहे."

मागच्या दाराबाहेर एकदम हिरवं झालं. रोपांची वाडी होती. डब्यांत, कुंड्यांत, फुटक्या बादल्यांत, पिशव्यांत रोपंच रोपं, आणि त्यांच्यामध्ये पाण्याची झारी घेतलेला एक उंच, वाकलेला म्हातारा.

"गुलाब बघायचेत की सावलीतली झाडं?"

"गोल बघायचाय," रेघाताईंच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्याने झारी खाली ठेवली. दोघींना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही उभ्या आहात त्याच्यावरच."

रेघाताईंनी खाली पाहिलं. कुंड्यांच्या रांगांमधून जाड लोखंडी पत्रा दिसत होता, गंजून तांबडा झालेला. त्याची कड वळत वळत दूर गेली होती, आणि कडेपलीकडे बोटभर फट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा मीटर. त्यांना मोजायची गरज पडली नाही.

"हलू नका," म्हातारा म्हणाला. कडेला एक लोखंडी दांडा बाहेर आला होता. त्याने त्याला खांदा लावला, पाय रोवले आणि रेटलं. खालून कुठून तरी एक लांब कण्हणं आलं. मग शिंप्याचं दार हळूहळू डावीकडे सरकू लागलं. दार नव्हे, त्या स्वतःच सरकत होत्या. शेदोनशे कुंड्या, गुलाब, फुटक्या बादल्या, गाइड आणि रेघाताई, सगळं मिळून संथपणे फिरत होतं.

"अगं बाई!" म्हणत रेघाताईंनी एका लिंबाच्या रोपाला धरलं.

"दिवसातून चारदा फिरवतो," म्हातारा दम घेत म्हणाला. "इकडे एकाच बाजूने ऊन येतं ना. असं फिरवलं की कुणी उपाशी राहत नाही. वीस वर्षांपूर्वी जागा भाड्याने घेतली. मातीचा ट्रक मागे घेताना जमीनच फिरली. ड्रायव्हर उडी मारून पळाला. आधी कशासाठी केलं होतं हे, देव जाणे. मी विचारलं बऱ्याच जणांना."

रेघाताईंनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांपुढे पान सतरा आलं, पण नवं नव्हे, ज्याच्यावर त्या पहिल्यांदा गिरवायला शिकल्या ते सर्वांत जुनं, कडा पिवळ्या झालेलं. त्यात डेपोतून, त्यांनी तेव्हा गटार समजलेल्या, दोन बारीक समांतर रेषा निघून तिरप्या गल्लीने यायच्या. त्या गोलापाशी येऊन संपायच्या. पुढच्या नकाशात साहेबांनी त्या काढून टाकायला सांगितल्या होत्या. गोल काढून टाका, असं कुणी सांगितलं नव्हतं.

"रूळ होते," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत रूळ येत होते."

"ट्राम!" गाइड ओरडली. "मनोऱ्यापाशी मी सांगते ना, इथे वाफेवरच्या ट्राम होत्या. त्यांच्या इंजिनाला एकच तोंड होतं. मी रोज सांगते हो ते! पण ती परत कशी फिरायची, हे मला कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं कधी."

म्हातारा दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. खालच्या पत्र्याकडे तो असा पाहत होता जसं घरातल्या माणसाने अचानक आपल्या तरुणपणचं काही बोलावं. "म्हणजे इंजिन इथे चढायचं. आणि माणसं रेटायची."

"तुमच्यासारखीच," रेघाताई म्हणाल्या.

तिघंही मग गुडघ्यावर बसून फटीत वाकून पाहू लागली. खाली मोठी दातेरी चाकं होती. त्यांच्यावर म्हाताऱ्याने ग्रीस लावलं होतं. रेघाताईंच्या साडीला ते लागलं, पण त्यांना पत्ता नव्हता. मध्यावर खिळा कसा बसवलाय, पाणी कुठून जातं, थंडीत फिरवायला जड जातं का, असे त्यांचे प्रश्न संपेनात. भानावर आणलं ते बसच्या भोंग्याने. वीस मिनिटं उशीर झाला होता.

बसपाशी टोपीवाले गृहस्थ पत्रक नाचवत उभे होते. "टेकडी राहणार! टेकडीवरून सूर्यास्त लिहिलाय यात!"

गाइड पायरीवर चढली. रेघाताईंना वाटलं, आता ही ट्रॅफिकचं वगैरे काहीतरी ठोकून देणार.

"मंडळी, मघाशी मी कारंजं म्हणाले ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. बघायचं असेल तर दहा मिनिटं लागतील, आणि मधली ठिकाणं करून टेकडीवर आपण सूर्यास्तानंतर पोचू. नको असेल तर आत्ता निघू. तुम्ही ठरवा."

मग बहिणीचा आवाज आला. "हिच्या साडीला कसलं काळं लागलंय ते मला बघायचंय."

बस हसली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि सगळ्यांत आधी तोच खाली उतरला.

शिंप्याच्या दुकानातून पंचवीस माणसं एकामागोमाग गेली. निळ्या सुटावर कुणी पाय दिला नाही. म्हाताऱ्याने कुंड्या सरकवून जागा केली, बहिणीला बादली उपडी करून दिली. चार जणांनी दांड्याला खांदा लावला. एका फेरीला साडेतीन मिनिटं लागली. टोपीवाले गृहस्थ खाली उभे राहून बजावत राहिले, की हे पत्रकात नाही. शेवटी तेही चढले आणि दुसऱ्या फेरीला उतरायला तयार होईनात.

टेकडीवर पोचेस्तोवर सूर्य गेला होता. खाली दिवे लागत होते. गाइड पाठ केलेलं बोलायची थांबली होती आणि रेघाताईच बहिणीला बोटाने दाखवत होत्या, तो नाला, ती भिंत, तो आपला रस्ता.

टोपीवाल्या गृहस्थांनी सूर्यास्ताबद्दल तक्रार मात्र केलीच. मालकांनी गाइडला झापलं आणि डेपोमागचा थांबा पत्रकात येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. शिंप्याचंही म्हणणं बरोबरच होतं, की रोज पंचवीस माणसं दुकानातून गेली तर तो शिवणार कधी? हे सगळं गाइडने पुढच्या आठवड्यात फोनवर सांगितलं. आवाज काही फारसा उतरलेला वाटला नाही.

"काकू, मला सोमवारी सुट्टी असते. अजून आहे का असं काही? काढलंय, पण माहीत नाही?"

बहीण बॅग भरत होती. तिने मान वर केली.

"आहे ना," रेघाताई म्हणाल्या. "पान बावीस. नदीच्या पलीकडे एक रेघ आहे. कुठून निघत नाही आणि कुठे जात नाही."

"किती लांब?"

"सहा सेंटिमीटर. चालायचे बूट घालून ये."

बहिणीने बॅगेतली साडी परत बाहेर काढली आणि सोमवारपर्यंत राहिले तर चालेल का, असं विचारलं.