गावाचा सहभाग

"राहीबाय, त्या पोरांना आजच्या आज भायेर काढ, नायतर गाव तुला भायेर काढंल!"

रावजी पाटील कुंपणापाशी उभा राहून बोंबलत होता आन् राहीबाई पडवीत बसून कातकऱ्याच्या पोरीच्या, आवडीच्या, डोक्यातल्या उवा मारत होती. मान वर करायची तसदी घेतली नाय तिनं. म्हणाली, "गावाला सांग, जरा थांब. हिची येणी घालायची ऱ्हायलीय अजून."

मी प्रयागबाई, राहीबाईची शेजारीण. मधी नुसतं निवडुंगाचं कुंपण, त्यामुळं तिच्या घरातली फोडणीसुद्धा मला कळते. वरंध घाटाच्या पायथ्याला आमचा एवढासा कोंड, म्हंजे मूठभर घरांचं गाव. भात कापून झालं की वरच्या वाडीतले कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडाला परत, मधी शिमग्याला येतील तेवढंच. पोरंबाळं, कोंबड्या, मडकी सगळं संगं. भट्टीवर कसली शाळा आन् कसलं काय! आदल्या साली आवडीच्या धाकट्या भावाचा पाय धगधगत्या कोळशात गेला. जखम भरली, पण पाऊल वाकडं झालं ते झालंच.

तवा महाडची एक संस्था आली. सुनीतीताई म्हणून बाई होती, खांद्याला झोळी, बोलणं एकदम पुस्तकातलं. आई-बाप भट्टीवर जातील, पोरं गावातच ऱ्हातील, शाळा शिकतील, खाणंपिणं संस्था बघंल. पोरांसाठी जागा तेवढी हवी होती. सगळ्या गावानं माना फिरवल्या. राहीबाईनं आपली पडवी आन् माजघर दिलं. नवरा भिकू वारलेला, पोरगे मुंबईला, घरात ती आन् म्हैस. म्हणाली, "घर नायतरी खायला उठतं मला."

संस्थेनं पयल्या दिवशी काय पाठवलं म्हणाल, तर आपल्या नावाचा कापडी फलक. पडवीपेक्षा फलक मोठा! पोरांना हांथरायला मिळेस्तोवर फलकच हांथरला तिनं.

आता रावजीच्या पोटात का दुखावं? धर्म बुडतो, गाव बाटतं, सगळं बोलून झालं त्याचं. खरं कारण मला ठाऊक होतं. त्याच्या गोठ्यातली गुरं ही आवडी राखायची; आई-बाप भट्टीवर गेले तरी हिला तेवढी तो मागं ठेवून घ्यायचा. सकाळी शिळी भाकरी, सांजच्याला उरलेला भात, झाली मजुरी. ती शाळेत जायला लागली आन् पाटील धोतर सावरत स्वतः रानात गुरांमागं पळायला लागला. एकदा ओढ्यात आपटला तवा मी बांधावर उभी राहून पोटभर हसून घेतलं.

मंग गावकी बसली. रावजी तिचा अध्यक्ष. उभा राहून म्हणतो, "कातकरी काय आपल्या गावात मोडत नायत. त्यांची वाडी येगळी, त्यांचं सगळं येगळं. गावातल्या बाईनं त्यांची पोरं घरात घेतली, तर ती गावाची नाय." बाकीच्यांनी नंदीबैलावानी माना हलवल्या. राहीबाईला वाळीत टाकलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाय, अंगणात पाय टाकायचा नाय, गावच्या विहिरीचं पाणी बंद, पिठाची गिरण बंद, आन् शिमग्याची पालखी तिच्या दारात थांबणार नाय.

मी मातर बोलायची. मला कोण काय करतोय? माझ्या तोंडाला गाव भितो.

पण गंमत ऐका. गावातली निम्मी कामं राहीबाईशी अडलेली. कुणाला विरजण पायजे, कुणाच्या गाईचं वासरू आडवं, हात घालायला तिच्यासारखं कुणी नाय. मंग काय करायचे हे शहाणे? कुंपणापलीकडून तिच्या म्हशीशी बोलायचे! "अगो म्हशी, तुझ्या धनिणीला सांग, आमची गाय अडलीय." राहीबाई म्हशीलाच सांगायची, "म्हशी, त्याला बोल, येते मी." येवढी थोर माणसं आमच्या गावात! त्यांच्यापरीस ती म्हैस शहाणी, गप ऱ्हायची तरी.

ओढ्यावरनं पाणी, जात्यावर दळण, सगळं सोसलं राहीबाईनं. एकच गोष्ट तिला टोचत होती, ती पालखी. भिकूनं जन्मभर आमच्या गावदेवीच्या, सोमजाईच्या पालखीला खांदा दिलेला. शिमगा जवळ आला तसा रावजीनं निरोप धाडला. आपल्या नेहमीच्या वाटेनं, म्हशीकरवी. पोरं भट्टीवर पोचती कर, देवी तुझ्या दारात येईल.

त्या दिवशी राहीबाई माझ्या चुलीपुढं येऊन बसली आन् ढसाढसा रडली. "प्रयागे, त्यांच्या माघारी एकदा पण ओटी चुकली नाय गो माझी. देवीनंच पाठ फिरवली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

सुनीतीताईंच्या कानावर गेलं, तशा त्या आल्या. "राहीबाई, गावाच्या सहभागाशिवाय असं केंद्र टिकत नाही हो. तुम्हाला इतका त्रास होत असेल, तर आपण ते थांबवूया. मुलांना पालकांकडे सोडून येऊ."

राहीबाई ताडकन उठली. "कुटं सोडताव? भट्टीवर? त्या पोराचा पाय बगितलाव का कवा? मला देवी नाय मिळाली तरी चालंल. पोरं हितनं हालणार नायत!"

सुनीतीताई खाली बघत चष्मा पुसत बसल्या. बाई वाईट नव्हती, पण जिथं ओरडायला पायजे तिथं तिला बैठक घ्यावीशी वाटायची.

आला शिमगा. आमच्याकडं होळीसाठी सावरीचं उंच झाड रानातनं आणतात, त्याला होळ म्हणतात. तो तोडून खांद्यावरनं आणायचा मान वाडीतल्या कातकऱ्यांचा, पार आज्या-पणज्यापासनं. मान कसला, ओझं वाहायचं काम, पण नाव मान. आन् एक रीत कडक: रानातनं उचललेला होळ देवीच्या सहाणेपुढंच, म्हंजे पालखी बसते त्या चौथऱ्यापुढंच उतरवायचा. मधी भुईला टेकला, तर परत उचलायचा नाय. तिथंच उभा करायचा, तिथंच पेटवायचा, आन् पालखीनं तिथंच यायचं.

भट्टीवरनं कातकरी त्याच दिवशी परतले होते, आन् पाटलानं त्यांना वाडीवर टेकूसुद्धा न देता थेट रानात धाडलं. आवडीचा बाप चांगू होळाच्या फुडच्या टोकाला. मागं ढोल, त्यामागं गाव, आन् मुंबईकर चाकरमानी गॉगल लावून. वाट राहीबाईच्या कुंपणावरनं जाते. ढोल ऐकून पोरं भायेर धावली. आवडी सगळ्यांच्या फुडं, तेल लावलेल्या दोन येण्या उडवत, "बाबा! बाबा!" करत. मागनं तिचा भाऊ, त्याच्या पायात संस्थेनं करवून घेतलेला बूट. पोरगा चक्क पळत होता!

चांगूनं पोराकडं बघितलं आन् त्याचा खांदा ढिला पडला. वळला तो राहीबाईच्या अंगणात. बाकीचे त्याच्या मागनं वळले. होळ धाडकन भुईवर!

ढोल बंद. सगळं गाव कुंपणाभायेर, तोंडं उघडी.

"चांगू! हरामखोरा, अकल हाय का? हितं बंदी हाय!" रावजी किंचाळला.

चांगू पोराला कडेवर घेत म्हणाला, "बंदी गावाला हाय नव्हं, पाटील? आमी गावात कवा होतो?"

मला तर तिथंच नाचावंसं वाटलं!

ऊन कलायला लागलं. होळ उभा करायचा तर अंगणात जायला पायजे, अंगणात जायचं तर बंदी मोडायला पायजे. पाटलाचा पोरगा विनीत मुंबईसनं आलेला, तो चिडला. "पप्पा, काय टाइमपास चाललाय? परवा ड्युटी हाय आमची. फटाफट मिटवा ना!" म्हातारी माणसं कुजबुजायला लागली की होळी पेटली नाय तर गावावर देवीचा कोप होईल. सगळ्यांनी रावजीकडं बघितलं.

तो घसा खाकरून गोठ्याकडं वळला. "अगो म्हशी, तुझ्या धनिणीला सांग..."

"म्हैस चरायला गेलीय," राहीबाई पडवीतनं म्हणाली. "काय बोलायचं ते माझ्याशी बोल, तोंडानं."

पाटील घामानं निथळत होता. "राहीबाय... देवीला येऊ दे दारात."

"आन् पोरं?"

"ऱ्हाऊ देत."

"मोठ्यानं बोल. ढोलवाल्यांना ऐकू नाय गेलं."

"ऱ्हाऊ देत म्हणतो ना!"

"आन् पाणी?"

"भर बाय, भर. विहीर उपसून ने!"

तवा कुठं ती पडवीतनं उठली आन् "या" म्हणाली. होळी तिच्या अंगणात पेटली, पालखी तिच्या दारात नाचली. राहीबाई ओटी भरत होती, आन् मी तांदळाचं सूप धरून रडत होते, ते धुरानं नव्हे.

संस्था मातर संस्थाच! मे महिन्यात महाडला कार्यक्रम ठेवला, पुण्याचे देणगीदार आणले. सत्कार कुणाचा? रावजी पाटलाचा! गावानं केवढा सहभाग दिला म्हणून. शाल, श्रीफळ, फोटो. पाटील माईकवर म्हणतो, "ही लेकरं आमच्या गावाची लेकरं हायत, आमी त्यांना कवा परकं मानलं नाय." मी "खोटारडा!" म्हणून उठणारच होते, पण राहीबाईनं माझा पदर खेचून खाली बसवलं. तिला स्टेजवर कुणी बोलावलं नव्हतं. ती मागं पोरांच्या जेवणाला भात कमी पडंल का, ते बघत होती. सुनीतीताई येऊन पुटपुटल्या, "समजून घ्या हो, गावाला सोबत ठेवावं लागतं." घ्या समजून!

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई मला घेऊन पाटलाच्या दारात. तो शालीतला फोटो भिंतीवर ठोकत होता.

"पाटील, पाऊस तोंडावर आलाय. ओढा भरला की वाडीवरनं पोरांना शाळेला येता येत नाय, आन् माझी पडवी गळते. समाजमंदिराची चावी दे, पोरांना ठेवते तिथं."

"तिथं? ती आपल्या मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळाची जागा गो..."

"काल सगळ्या महाडफुडं बोललास ना, लेकरं गावाची हायत म्हणून? का महाडला जाऊन सांगू, पाटलाची जीभ घसरली म्हणून?"

त्यानं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आन् चावी काढून दिलीन.

कुलूप उघडंना. मुंबईवाल्यांनी समाजमंदिर बांधलं त्याला जमाना झाला, आत पाऊल कुणाचं पडलं नव्हतं. चावी फिरता फिरंना, तसा राहीबाईनं दगड उचलला आन् दोन घावात कुलूप तोडलं. आत खुर्च्या, खुर्च्यांवर उंदीर. आवडी झाडू घेऊन घुसलीसुद्धा.

आवाज ऐकून रावजी धापा टाकत आला. "अगो, गावचं कुलूप फोडलंस?"

"होय," राहीबाई पदर खोचत म्हणाली. "दुसरं आण. आन् चावी माझ्याकडं दे."