लिथियमचे दोन चिंचोके

मित्रांनो, मालेगावच्या एका शाळेतल्या कपाटात मातीचे नऊ गोळे चिकटवून केलेला एक जुना नमुना आहे. तोच मी. इथे शिकवणाऱ्या देवमन गुरुजींनी १९७६ साली मला घडवले. तीन गोळ्यांना गेरू लावला, सहांना चुना. मधून तांब्याची बारीक तार ओवली आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक चिंचोका अडकवला.

मी लिथियमच्या एका दुर्मीळ अणुकेंद्राचा नमुना: गेरूचे गोळे प्रोटॉन, चुन्याचे न्यूट्रॉन आणि दोन चिंचोके म्हणजे शेवटचे दोन न्यूट्रॉन. गुरुजींचा विद्यार्थी रामकिसन मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होता. तिथेच तो तापाने गेला. त्याच्या ट्रंकेत गुरुजींच्या नावाचे अर्धे पत्र सापडले: 'परदेशात या अणुकेंद्राचे वजन केले, तर शेवटचे दोन न्यूट्रॉन फारच सैल बांधलेले निघाले. मला वाटते, ते बाकीच्यांपासून दूर फिरत असावेत. गुरुजी, मी आता...'

पुढे कागद कोरा होता.

गुरुजी मला वर्गात दाखवत, मुले कौतुक करीत. पण शाळा सुटली की ते एकटेच माझ्यासमोर बसून राहत. वारा नसताना माझे चिंचोके थरथरत आणि रामकिसन आला की काय, असे वाटून गुरुजी दचकून दाराकडे पाहत.

एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "हे पुस्तकात नाही. काढून टाका." त्यांनी स्वतःच एक चिंचोका ओढला. तार सरकली, दुसरा गोळ्यावर आपटून निखळला.

त्याच दुपारी रामकिसनची आई चंपाबाई आली. पोरगा काय शोधत होता, ते तिला पाहायचे होते. गुरुजींनी चिंचोके तळहातावर घेतले. "हे दोघं दूर राह्यतात, बाई, पण घरचेच. एक गेला का दुसरा थांबत नाही."

तिने त्यांच्या तळहातावरचे चिंचोके बोटाने हलवून पाहिले.

"त्याच्या बापाचंबी तसंच झालं, गुरुजी. पोराच्या मागं महिनाभरबी राह्यले नाही." मग माझ्या नऊ गोळ्यांवर हात ठेवून तिने विचारले, "अन् हे?"

"हे राह्यतात. एकमेकाले धरून."

"मंग मलेबी राहाच लागते. घरी दोन पोरी हायेत."

ती अजून वर्षातून एकदा येते. मला कपाटात ठेवून गुरुजी बदलीवर गेले. आता तिला कुणी ओळखत नाही. मित्रांनो, ती आली की कपाट उघडून द्या. धूळ पुसा, पण हळू. आणि तिला माझ्यापुढे बसू द्या. लवकर उठवू नका.