चढावर झाकलेला आकडा

घाटाच्या पायथ्याला त्या दिवशी इतकी गर्दी होती की नारळवाल्याचे नारळ दुपारीच संपले आणि लोक एकमेकांकडे फोडलेली अर्धी वाटी मागू लागले. तेवढ्यात घाटातून पांढरी गाडी उतरली. आवाज नाही, धूर नाही, झेंडूच्या माळा घालून नवरीसारखी आली. विद्युतानंद महाराजांनी दार उघडलं आणि समोरच्या माणसाला म्हणाले, "पडद्यावरचा आकडा वाच."

"पंच्याऐंशी टक्के."

"वर किती होते?"

"ब्याऐंशी. आम्ही फोटो काढलाय ना."

"दहा किलोमीटर गाडी चालली आणि बॅटरी भरली. वायर दिसली कुणाला? अरे, पुष्पक विमान काय चार्जिंगला लावायचे?"

लोकांनी चाकाला हात लावून कपाळाला लावला. एका बाईनं टायरला कुंकू वाहिलं. टायरला! मेलं त्या टायरनं सकाळीच शेण तुडवलं होतं, मी बघितलं होतं.

मी बयाबाई. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात बारा बायकांचा बचत गट आहे, त्याची अध्यक्ष. शाळा दुसरीत सुटली, पण मेथीच्या जुड्या मोजताना व्यापाऱ्याला कधी एक जास्त गेली नाही. गटानं बॅटरीवरचा छोटा टेम्पो बुक केला होता. पहाटे आमची मेथी-कोथिंबीर पंचवटीच्या बाजारात न्यायची, चालवणार माझा लेक समाधान. टेम्पो चार दिवसांवर आला होता आणि घरात भांडण पेटलं होतं.

माझी सून अंजली आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकलेली. ती म्हणे, समाजमंदिराच्या भिंतीला चार्जिंगचा पॉइंट बसवू. समाधान म्हणे, महाराजांचा तांब्याचा ऊर्जाकलश घेऊ, गाडीत ठेवला की चालता चालता बॅटरी भरते. गटाकडे एकाचेच पैसे उरलेले. वर महाराजांची अट, की भिंतीतली वीज घेतली तर कलश रुसतो.

"आणि टेम्पो रस्त्यात बंद पडला तर?" मी विचारलं.

"आई, तुला या गाड्यांतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाय कळत. मेथीतलं कळतं. अकरापर्यंत बाजारात गेली नाय तर ती शेळीसुद्धा तोंडात धरत नाय."

शेवटी ठरलं, महाराजांच्या गाडीत बसून घाटावरच्या देवीपर्यंत जाऊन बघायचं. म्हणून मी, समाधान आणि गटातली फुलाबाई, आमचा नंबर लागला. अंजली खाली मांडवात थांबली. माझे गुडघे दुखतात, म्हणून मला पुढची सीट मिळाली, महाराजांच्या शेजारची.

निघण्याआधी महाराजांनी पडद्यावर पिवळं वस्त्र टाकलं. "देवीकडे चढताना आकडे बघू नयेत. चढताना श्रद्धा, उतरताना प्रचिती."

मागून फुलाबाई पुटपुटली, "आमच्या घरी उलटं हाय. आधी आकडा, मग श्रद्धा."

वर पोचलो. शंख वाजला, वस्त्र निघालं. पडद्यावर शहात्तर. समाधाननं हात जोडून फोटो काढला. मग उतार सुरू झाला. महाराजांचा पाय कशावरच नव्हता, तरी गाडी सुसाट सुटेना. मागून कुणी पदर धरून ठेवावा तशी अडून अडून उतरत होती. मला आमच्या मालकांची सायकल आठवली. दिव्यासाठी डायनामो चाकाला टेकवला की दिवा लागायचा, पण पेडल जड व्हायचं. मी मागे कॅरिअरवर बसलेली असले की ते म्हणायचे, "तू उतर नाहीतर दिवा बंद कर."

खाली आलो. "एकोणऐंशी," समाधान ओरडला. मांडवात जयजयकार झाला.

मी मात्र बोटं मोजत होते. मघाशी हीच गाडी खाली आली तेव्हा पंच्याऐंशीचा जयजयकार झाला होता. आता एकोणऐंशीचा. देवी देतेय, तर मधले सहा गेले कुणाच्या घशात?

"उतरा माउली," महाराज म्हणाले. "पुढचे भक्त थांबलेत."

"नाय उतरत. अजून एकदा वर चला. वस्त्र काढून."

"चढताना आकडा बघणं म्हणजे देवीवर संशय."

"देवी आमची आहे, तिच्यावर कशाला संशय घेऊ? गाडी तुमची आहे." मी सीटचा पट्टा पुन्हा लावला. पिवळं वस्त्र उचललं, त्याच्यानंच माझ्या कपाळाचा घाम पुसला आणि घडी करून मांडीवर ठेवलं.

बाहेर लोक कुजबुजले. महाराजांनी समाधानकडे बघितलं, "तुमच्या मातोश्रींना समजवा."

समाधान म्हणाला, "महाराज, तिला समजावण्यापेक्षा घाट चढणं सोपं हाय." मग पडद्याकडे बघून, "आणि तीन टक्के खरंच भरतात ना? मग दाखवा की वर जातानाही."

नंबर लावून बसलेल्यांनीही तेच धरलं. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायला महाराजांना जागा उरली नाही. अंजलीनं समाधानला फोन लावला आणि खाली आपला फोन आरतीच्या माइकला टेकवला. समाधान आकडे वाचू लागला आणि ते सगळ्या मांडवाला ऐकू गेले.

"एकोणऐंशी."

पहिल्या वळणावर, "सत्त्याहत्तर."

"वातावरणात नकारात्मक लहरी आहेत," महाराज म्हणाले. तेही माइकवर गेलं. खाली कुणीतरी हसलं.

"चौऱ्याहत्तर."

मग समाधानचा आवाज बारीक होत गेला. "बहात्तर." कलशासाठी त्यानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता, आता प्रत्येक आकडा त्यालाच वाचावा लागत होता. मला त्याची दया आली, पण मी फोन काही घेतला नाही. देवीच्या पायरीशी गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "सत्तर. आई, नऊ गेले."

"आणि उतरताना तीन मिळणार," मी म्हटलं. "नऊ देऊन तीन घेणाऱ्याला आपल्या बाजारात काय म्हणतात?"

फुलाबाई म्हणाली, "पहिल्यांदा भाजी विकायला आलेला."

खाली अंजलीनं माइकवर उलगडा केला. चढताना बॅटरी मोटर फिरवते, वीज खर्च होते. उतरताना चाकं मोटरला फिरवतात आणि ती डायनामोचं काम करते. चढावर खर्चलेल्यातलं थोडं परत येतं, बाकीचं वाटेतच जातं. ही सोय या गाड्यांमध्ये कंपनीच देते. कलश नसला तरी तीन टक्के येतातच.

"मग महाराजांची गाडी रोज भरलेली कशी असते?" एकानं विचारलं.

ती मांडवामागच्या महाराजांच्या आश्रमाच्या गोशाळेकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथं गाय एकही नाही. मग मनगटाएवढी वायर कुणासाठी आत गेलीय?"

चार माणसं जाऊन बघून आली. गव्हाणीत चारा होता, चाऱ्याखाली चार्जर. महाराज घाटावरच ध्यानाला बसले ते पोलीस येईपर्यंत उठले नाहीत.

आमचा पॉइंट समाजमंदिराच्या भिंतीला बसला. पहिल्या दिवशी टेम्पो पंचवटीला जाऊन आला, चाळीस टक्के शिल्लक. समाधान आता रोज निघताना आणि आल्यावर दाराच्या फळीवर खडूनं आकडा लिहितो. परवा गावातल्या दोघांनी आपल्यालाही तसलीच गाडी घ्यायची म्हणून विचारलं. आता एक पॉइंट पुरत नाही, दुसऱ्यासाठी ग्रामपंचायतीत मी रोज डोकं खाते.

लोकहो, ही गाडी आजवर आपण शहरातल्या गंगापूर रोडच्या बंगल्यांत, फाटकाबाहेरूनच बघितली. जिला हात लागला नाही तिच्यात आपल्याला देव दिसला. पहिला ट्रॅक्टर गावात आला तेव्हाही मी त्याला ओवाळलं होतं. आज त्याच्यावर कोंबड्या बसतात. ही गाडीसुद्धा गरिबाच्या दारात यायची असेल तर तिला कलश नको, भिंतीत प्लग हवा. आणि कुणी चमत्कार दाखवायला आला तर पाया जरूर पडा, वाकल्यावर वायर लवकर दिसते. तो काही झाकत असेल तर तेवढं आधी उघडायला लावा. नारळ मग फोडा.