दोन्ही शिक्षा एकत्रित

माझं अक्षर सुंदर आहे, असं लहानपणापासून सगळे सांगत आले आणि तिथंच घात झाला. तालुक्याच्या कोर्टात मी बावीस वर्षं लिपिक आहे. शिक्षा न्यायाधीश सुनावतात, पण माणूस आत जातो तो वॉरंटवर. जेलवाले निकालपत्र वाचत बसत नाहीत. वॉरंटवर नाव, कलम आणि मुदत असते, तेवढं बघतात आणि सुटकेची तारीख काढतात. ते वॉरंट आमच्याकडे मी लिहितो.

टेंभुर्णीच्या मच्छिंद्रनं भांडणात शेजाऱ्याच्या घरात घुसून त्याचा हात मोडला. खरोखरच मोडला होता, मच्छिंद्र काही साधुसंत नव्हता. मारहाणीबद्दल एक वर्ष साधी कैद आणि घरात घुसल्याबद्दल आठ महिने. निकालाच्या शेवटी साहेबांनी स्वच्छ लिहिलं होतं, ‘दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत.’ म्हणजे आठ महिने त्या वर्षातच जिरणार आणि माणूस वर्षानं घरी येणार.

मला ‘एकाच वेळी’ हे फार घरगुती वाटलं. भात आणि वरण एकाच वेळी टाकतात, तसं काहीतरी. कोर्टाच्या कागदाला वजन नको? मी वॉरंटवर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘दोन्ही शिक्षा एकत्रित भोगणे.’ साहेबांनी गठ्ठ्यातल्या बाकीच्या कागदांबरोबर त्यावरही सही केली. आपल्या शब्दावर मी त्या दिवशी खूश होतो, हे कबूल करतो.

जेलमधल्या बाबूनं एकत्रित म्हणजे एकत्र करून, असा अर्थ लावला. बारा आणि आठ वीस. त्याला कोणत्या तोंडानं शिव्या देऊ? पोरांच्या गुणपत्रिकेत एकत्रित गुण म्हणजे बेरीजच असते.

हे मला कळलं ते पुढच्या एप्रिलमध्ये, मच्छिंद्रची बायको दैवशाला माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली तेव्हा.

“साहेब, दहा तारखेला वर्स भरलं. आमी जीप घिऊन आणायला गेल्तो. तिथले म्हनले, आजून आठ महिने हायेत. वकिलानं एकच वर्स सांगितल्तं. त्या हिशेबानंच पोरीचं लगीन धरलं, दोन मेला. आता बापच न्हाई तर कन्यादान कुनी करावं?”

तिनं वॉरंटची झेरॉक्स पुढं केली. माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. “बघतो,” एवढंच म्हणालो आणि तिला बाहेर बसवलं.

सरळ साहेबांच्या चेंबरमध्ये जाऊन ‘माझी चूक झाली’ म्हणालो असतो, तर काम आठवड्यात झालं असतं. शिक्षा सुनावणारे साहेब बदलून गेले होते, पण नवे माणूस म्हणून चांगले होते. मी मात्र गेलो आमच्या अधीक्षकांकडं, भुजंगरावांकडं. त्यांनी वॉरंट दोनदा वाचलं आणि हसले.

“नरहरराव, यात चूक कुठंय? एकत्रित म्हणजे एकाच वेळी. जेलवाल्याला मराठी येत नसेल तर तो काय करील? त्यानं लेखी विचारलं तर आपण लेखी खुलासा देऊ. आपण होऊन खुलासा दिला की चूक आपली ठरते. तुमचं नाव बढतीच्या यादीत आहे, विसरू नका.”

मी विसरलो नाही. बाहेर येऊन दैवशालाला म्हणालो, “बाई, जेलकडून पत्र यावं लागेल.” ती जेलला गेली. तिथं म्हणाले, आम्हाला काही शंकाच नाही, आम्ही काय विचारायचं? बिचारीनं तीन चकरा मारल्या. आमच्याकडचं पाणी पिऊन जायची आणि मला दोन्ही हात जोडायची. ते हात बघून माझाच संताप यायचा मला.

लग्नासाठी पॅरोलचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. फिर्यादी त्याच गल्लीत राहतो, भांडण होईल, असा पोलिसांचा अहवाल आला. दोन मेला कन्यादान चुलत्यानं, देवानंदनं केलं. मला पत्रिका होती. मी ताप आल्याचं सांगून घरी पडून राहिलो.

पुढं मोफत कायदा मदतीच्या राधेश्याम वकिलांनी कोर्टात अर्ज टाकला. तारीख पडली, मग सुट्ट्या, मग साहेब प्रशिक्षणाला. डिसेंबर उजाडला तेव्हा आदेश झाला, की दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या होत्या, कैद्यास तात्काळ सोडावे. तोही मीच लिहिला, या खेपेला एकही शब्द न बदलता. मच्छिंद्र सुटला तेव्हा वीस महिने भरायला सहा दिवस राहिले होते. माझी बढती जूनमध्येच झाली होती.

चार दिवसांनी मच्छिंद्र पेढे घेऊन आला. वाळला होता, पण चेहरा हसरा. माझ्या पायाशी वाकला.

“साहेब, तुमचे लई उपकार. बायको म्हनली, नरहर साहेबांनी लई धडपड केली. तुमच्यामुळं सहा दिवस माफ झाले. सगळ्या गावात सांगत सुटलोय मी.”

मी एक पेढा तोंडात टाकला होता. आणि मला एकदम राग आला, त्याच्या हसण्याचा, माझ्या खुर्चीचा, सगळ्याचाच.

“सहा दिवस माफ नाही झाले रे. आठ महिने जास्त बसलास तू. मी चुकीचा शब्द लिहिला म्हणून. आणि एप्रिलमध्ये कळलं तरी गप्प बसलो.”

तो चिडेल, शिवी देईल, पेढे फेकेल असं वाटलं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला,

“पोरगी भेटायला आल्ती साहेब, लगनाच्या आधी. म्हनली, बापू, कायतरी घोळ झालाय, मी तारीख पुढं ढकलते, तुमी आल्याबिगर बोहल्यावर उभी राहत न्हाई. मीच रागावलो तिला. म्हनलो, येडी का काय? कोर्टानं लिहिलेलं कधी चुकतं का?”

मला पेढा गिळावा लागला.